मजला प

कॅनडा कॉर्नरच्या त्या इमारतीत
लिफ्टला ग्रीस द्यायला गेलो होतो,
तर आत एक बाई एकट्याच हसत उभ्या.
बोट बटणावर, काठी काखेत,
खांद्याला डब्याची पिशवी.
म्हटलं, काय झालं ताई?
म्हणाल्या, काही नाही हो,
आठ वर्षं रोज दुसऱ्या मजल्यावर जाते
आणि तुमच्या पट्टीवर लिहिलंय
अनुस्वार, मग प.
तीनवर संयोगचिन्ह, मग प.
कुठेही जा, शेवटी आपला प.
पहिल्या दिवशी राग आला होता,
आज हसू का आलं कोण जाणे.

पट्टी मीच लावलेली.
पाकीट पुण्याहून आलं, वर बाणबिण काही नव्हता,
आणि डोळे असलेल्याला
ठिपके नुसते ठिपकेच दिसतात.
तपासायला आलेल्या साहेबांनी
फॉर्मवर लिहिलं : ब्रेल – आहे.
होतंच की.

यशोधरा गांगुर्डे. बँकेत, टेलिफोनवर.
मग इतकी वर्षं कशा गेलात?
मोजून.
दार लागल्यापासून नऊ,
मे महिन्यात व्होल्टेज पडलं की दहा.
शिवाय दुसऱ्या मजल्याला झेरॉक्सचा वास येतो.
आधी बोलायची हो तुमची लिफ्ट,
मजला सांगायची, मग एकदम गप्प झाली.

चौथ्यावरच्या डॉक्टरांना दुपारी झोप लागेना
म्हणून तिची वायर मीच काढली होती.
बोललो नाही.

मग त्यांनी माझं ग्रीसचं बोट धरलं,
पट्टीवर ठेवलं, आणि जसं असायला हवं होतं
तसं माझ्या तळहातावर टोचून दाखवलं :
उजवीकडे तीन उभे, डावीकडे खाली एक,
जसं कोणी भिंतीला टेकून
पाय पसरून बसलंय.
हे आधी. मग आकडा.
तुम्ही त्याला बिचाऱ्याला डोक्यावर उभं केलंत.

एकेचाळीस इमारती.
दर रविवारी बायकोचा केस वाळवायचा ड्रायर
पेटीत टाकून निघायचो,
गंगापूर रोड, इंदिरानगर, सातपूर.
गरम हवेनं गोंद सैल होतो,
नखानं कड उचलायची, पट्टी फिरवायची.
वॉचमन विचारायचा, काय बिघडलंय?
आकडे सरळ करतोय.
तो आकड्यांकडे बघायचा,
दोन, तीन, चार, लखलखीत सरळ,
मग माझ्याकडे.
जाता जाता दाराचं टायमर तीनवरून सात सेकंदांवर.
सेक्रेटरीचा फोन आलाच :
दार फार वेळ उघडं राहतं.
म्हटलं, हो.

मॉलमधल्या सरकत्या जिन्याचं विचारलं एकदा.
गांगुर्डेबाई म्हणाल्या,
गंगेवरच्या पायऱ्या माझ्या तळव्यांना पाठ आहेत,
त्या बसून असतात एका जागी.
हा तर मी पाय ठेवायच्या आधीच निघालेला असतो.
खाली फणीची करकर ऐकते,
काठी मागे घेते,
आणि लिफ्ट कुठे म्हणून विचारते.
लिफ्ट मागच्या बाजूला,
माल उतरवायच्या दाराशी.

शेवटची इमारत उंटवाडीतली.
पट्टी फिरवली.
बटणांचा फलक वीतभर खाली आणला,
चाकाच्या खुर्चीतून हात पोचेल असा,
त्याचे पैसे कुणी दिले नाहीत ते असो.
डोळे मिटून दोनवर बोट ठेवलं.
लागलं.
मी मोठ्यानं 'दोन' म्हणालो रिकाम्या लिफ्टमध्ये.

मग बाहेर आलो, आणि दिसल्या :
लिफ्टच्या आधी पाच पायऱ्या.
बारा वर्षं जड पेटी घेऊन चढतोय,
कधी मोजल्याच नव्हत्या.
बिल्डरच्या नकाशात लिफ्ट तळमजल्यावर आहे.
माझ्या करारात दारापासून आतलं सगळं येतं,
बाहेरचं नाही.

पेटी खाली ठेवली.
तिसऱ्या पायरीवर बसून राहिलो बराच वेळ,
भिंतीला टेकून,
पाय पसरून.